डिफेंडर अंगावर आला की चेंडू का निसटतो?

प्रश्न: सर, मी पारोळ्याला राहते, नववीत आहे. शाळेच्या १७ वर्षांखालील बास्केटबॉल संघात गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारी, म्हणून खेळते. एकटी असताना ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, छान जमतं, क्रॉसओव्हर (चेंडू समोरून एका हातातून दुसऱ्या हातात नेणं) येतो, पायांमधूनही चेंडू काढता येतो. पण मॅचमध्ये समोर कुणी आलं की चेंडू जातो, नाहीतर मी घाबरून उचलून घेते. आमचे सर ओरडतात, वर बघ. वर बघितलं की चेंडू पायावर आदळतो. घरी सरावाला फक्त गच्ची आहे. काय करू?

उत्तर: 'एकटी असताना जमतं' हे जळगाव-धुळ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक शाळेतली मुलं मला सांगतात, आणि ते खरंच असतं. एकटी असताना तुझे डोळे चेंडूवर असतात, वेग तुझ्या मर्जीचा असतो, आणि चेंडू थोडा भरकटला तरी तू चार पावलं टाकून त्याला गाठतेस. मॅचमध्ये या तिन्ही सवलती जातात. त्यामुळे नवीन मूव्ह शिकायचं सध्या डोक्यातून काढून टाक. साधा टप्पा न बघता, जोरात आणि हव्या त्या जागी पडला पाहिजे. तेवढं जमलं की आत्ता तुला येतात त्याच मूव्ह मॅचमध्ये चालायला लागतील.

सुरुवात जोरापासून करू, कारण त्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आपल्याकडची बहुतेक मुलं चेंडूला थोपटतात. चेंडू कमरेपर्यंत संथपणे येतो, संथपणे जातो. आता हिशेब बघ. एक मीटर उंचीवरून चेंडू नुसता सोडला तर जमिनीवर पोचायला त्याला साधारण ०.४५ सेकंद लागतात. तोच हाताने जोरात खाली ढकलला तर निम्म्याहून कमी वेळात पोचतो, आणि वरही तितक्याच तडफेने येतो. चेंडू हवेत असतो तेवढा वेळ तो कुणाचाच नसतो. डिफेंडरचा हात त्याच वेळात आत येतो. जोरात मारलेला चेंडू हातात जास्त वेळ राहतो आणि हवेत कमी. शिवाय तो वर येऊन हाताला स्वतःच भिडतो, त्याला शोधायला खाली बघावं लागत नाही. तू वर बघितल्यावर चेंडू पायावर आदळतो, याचं मोठं कारण हेच असणार. हळू टप्प्याचा चेंडू नेमका कुठे आहे याची हाताला खबर नसते, म्हणून डोळे खाली वळतात.

जोर म्हणजे चापट नव्हे. गच्चीवर उभी राहून कान देऊन ऐक. हात चेंडूला लागताना 'चट' असा आवाज येत असेल तर तळवा लागतोय. बोटं फाकव, चेंडू बोटांच्या पेरांवर आणि तळव्याच्या वरच्या कडेवर झेल, तळव्याच्या मधोमध हवा राहू दे. चेंडू वर येतो तेव्हा हात त्याच्याबरोबर थोडा वर जाऊ दे, मग कोपर आणि मनगट मिळून त्याला खाली ढकल. शेवटी मनगट खाली वाकलेलं आणि बोटं जमिनीकडे असली पाहिजेत. नीट जमलं की हाताचा आवाज जवळजवळ येत नाही, फक्त जमिनीचा येतो. नखं कापलेली ठेव. वाढलेल्या नखांची मुलगी नकळत तळव्याने खेळायला लागते.

चेंडू कुठे पडतो हेही बघ. समोर, दोन पायांच्या मधे पडत असेल तर तू तो डिफेंडरच्या पुढ्यातच ठेवतेयस. उजव्या हाताने मारताना तो उजव्या पायाच्या बाहेर, पंजाच्या थोडा मागे पडला पाहिजे. डावा पाय आणि डावा खांदा किंचित पुढे, डावा हात कोपरात वाकवून छातीपुढे आडवा. म्हणजे चेंडूपर्यंत पोचायला तिला आधी तुझं अंग ओलांडावं लागेल. त्या हाताने ढकलायचं मात्र नाही, ढकललंस की फाउल तुझ्यावर. गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाठ सरळ. कंबरेतून पुढे वाकून खाली जाणं आणि गुडघ्यातून खाली बसणं यात फार फरक आहे. कंबरेतून वाकलेल्या मुलीचं डोकं खाली जातं, मग तिला समोरचे फक्त बूट दिसतात.

आता 'वर बघ'. तुझे सर बरोबर सांगतायत, पण नुसतं सांगून ते होत नाही. डोळ्यांना दुसरं काम द्यावं लागतं. माझ्याकडे सकाळच्या सरावाला येणारी मोठी मुलं लहानांना अहिराणीत ओरडतात, "खाले नको देखू, सामने देख!" लहान पोर दोन सेकंद समोर बघतं आणि पुन्हा खाली. मग मी एकाला समोर उभं करतो आणि त्याला बोटं दाखवायला लावतो. ड्रिबल करणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा. समोरचा बोटं पटापट बदलतो, हात कधी डोक्यावर, कधी कमरेशी, कधी बाजूला नेतो. मग दोन हातांच्या बोटांची बेरीज सांगायची. बेरीज करताना बहुतेकांचा टप्पा हमखास मंदावतो, हळूहळू गुडघ्यावरून कमरेवर येतो. नेमकं तेच तुझं मॅचमध्ये होतं: डोकं कामात गुंतलं की हात सैल पडतो. बेरीज चालू असताना टप्पा तितकाच जोरात राहिला पाहिजे, हे खरं लक्ष्य. घरी धाकटा भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांना हे काम फार आवडतं. कुणीच नसेल तर गच्चीवरून दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाच.

टेनिसचा जुना चेंडू घे. एका हाताने बास्केटबॉलचा टप्पा चालू ठेव आणि दुसऱ्या हाताने टेनिस बॉल डोळ्यांच्या थोडा वर उडवून झेल. सुरुवातीला दोन्ही चेंडू गच्चीभर पळतील, पळू देत. दोन बास्केटबॉल मिळाले तर दोन्ही हातांनी एकाच वेळी टप्पे मार, मग आळीपाळीने, मग एक उंच आणि एक गुडघ्याखाली. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला स्टीफन करी मॅचआधी दोन चेंडूंचा सराव करतो, त्याचे व्हिडिओ तू पाहिले असशील. जगातल्या इतक्या मोठ्या गार्डलाही रोज हेच मूळ काम करावं लागतं, यात मला खूप काही दिसतं. दोन चेंडूंचा खरा फायदा दुबळ्या हाताला होतो, कारण तो लपू शकत नाही.

दुबळ्या हाताबद्दल मी थोडा कडक आहे. डावा हात कच्चा असेल तर दुसरी टीम दहा मिनिटांत ते ओळखते आणि तुला सतत डावीकडेच ढकलते. सराव नेहमी डाव्या हाताने सुरू कर, अंग ताजं असताना. उजव्याला एक मिनिट दिलंस तर डाव्याला दोन. कमरेभोवती चेंडू फिरवणं, पायांमधून आठचा आकडा काढणं हे सगळं वॉर्मअपला ठीक आहे, पावसात गच्ची ओली असेल तेव्हा व्हरांड्यात ते जरूर कर. पण त्यात अर्धा तास घालवू नकोस. त्याने बोटं मोकळी होतात, डिफेंडर हटत नाही.

मूव्ह तीनच घे: थबकणं, क्रॉसओव्हर आणि मागे सरकणं.

थबकणं, म्हणजे हेझिटेशन, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. पूर्ण वेगात जाता जाता एक टप्पा उंच घ्यायचा, अंग किंचित सरळ करायचं, नजर रिंगकडे. डिफेंडरला वाटतं आता ही थांबणार किंवा शॉट मारणार. तिचे पाय सरळ होतात. त्याच क्षणी खाली बसून पुढचा टप्पा लांब टाकायचा. डिफेंडरला चकवतो तो वेगातला फरक. नुसती वेगात धावणारी मुलगी अडवणं सोपं असतं, कारण तिचा वेग एकच असतो. इथे एक खबरदारी हवी. उंच टप्पा घेताना हात चेंडूच्या खाली गेला आणि चेंडू हातावर विसावला तर तो कॅरी, म्हणजे नियमभंग. एनबीएच्या क्लिप बघून मुलं नेमका हा दोष उचलतात, आणि आपल्याकडचे पंच शिट्टी मारतात. हात चेंडूच्या वर किंवा फार तर बाजूला ठेव.

क्रॉसओव्हरमध्ये तुझी गडबड कुठे होते ते न बघताही सांगता येईल, कारण बहुतेकांची तिथेच होते. चेंडू उंच, कमरेच्या पातळीवरून, पोटासमोरून जातो. तो गुडघ्याखालून, एका पायाच्या बाहेरून दुसऱ्या पायाच्या बाहेर, एकाच जोरदार टप्प्यात गेला पाहिजे. दुसरी गोष्ट अंतर. डिफेंडर हातभर अंतरावर असताना क्रॉस कर. ती अगदी अंगाला भिडल्यावर केलास तर चेंडू तिच्या हातात, फार लांबून केलास तर तिला सावरायला वेळ मिळतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रॉसनंतरचं पहिलं पाऊल. मुलं क्रॉस करतात आणि बाजूला पळतात, गोल वळसा घेऊन. तुझं पाऊल डिफेंडरच्या पायाच्या बाहेरून सरळ रिंगकडे पडलं पाहिजे, तुझा खांदा तिच्या कमरेजवळून गेला पाहिजे. तिथून गेलीस की ती तुझ्या पाठीमागे राहते. ती अगदीच अंगाला चिकटली असेल तर चेंडू पायांमधून किंवा पाठीमागून बदल, मधे तुझंच अंग आडवं येतं. पण ते नंतर.

मागे सरकणं कुणी शिकवत नाही, आणि तुला त्याचीच गरज सर्वांत जास्त आहे. जिल्ह्याच्या मॅचेसमध्ये दर वेळी दिसणारं एक दृश्य सांगतो. गार्डकडे चेंडू येतो. ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची म्हणून ती साइडलाइन धरून पळते. मध्यरेषा ओलांडली रे ओलांडली की समोरून दुसरी डिफेंडर येते. आता एका बाजूला साइडलाइन, मागे मध्यरेषा, कारण एकदा पुढे आल्यावर चेंडू मागे नेता येत नाही, आणि समोर दोन मुली. तिची धांदल उडते, ती चेंडू उचलून घेते. दोघी हात वर करून भिडतात. चेंडू धरून उभं राहायला तिच्याकडे ५ सेकंद आहेत. बाकीच्या सगळ्या "इकडे, इकडे" ओरडतायत आणि एकही मोकळी नाही. मग उंच, लोंबता पास, आणि समोरच्या टीमचा लेअप, म्हणजे रिंगजवळून सोपा बास्केट. विभागीय फेरीला नाशिककडच्या संघांशी गाठ पडली आणि त्यांनी पूर्ण कोर्टभर प्रेस लावला, म्हणजे सगळीकडे अंगावर येऊन अडवलं, तर हे एका क्वार्टरमध्ये तीन-चार वेळा होऊ शकतं.

हे टाळायचं तर साइडलाइनपासून चार पावलं आत राहूनच चेंडू वर आणायचा, आणि दुसरी मुलगी येताना दिसली की मध्यरेषेच्या अलीकडेच वेग कमी करायचा. तिथे आडवं अंग करून, चेंडू मागच्या पायाजवळ ठेवून, गुडघ्याच्या उंचीचे दोन जोरदार टप्पे घेत दोन पावलं मागे सरकायचं. नजर समोर. मागे सरकलीस की त्या दोघींना पुढे यावं लागतं, त्यांच्यात अंतर पडतं, आणि त्यांच्या मागे कोण मोकळं आहे ते तुला दिसतं. मग पास दे, नाहीतर हात बदलून दोघींपैकी बाहेरच्या मुलीच्या बाहेरून निघ. ८ सेकंद तुला वाटतात त्यापेक्षा बरेच असतात. गच्चीवर हाच सराव कर: तीन टप्पे पुढे, दोन मागे, क्रॉस, पुन्हा तीन पुढे. दोन्ही हातांनी. त्यात घामाघूम व्हायला होतं.

चेंडू घाबरून उचलण्याची सवय मोडायला आमच्याकडे एक खेळ असतो. फ्री थ्रो लाइनपर्यंतच्या छोट्या चौकोनात सहा-सात जणी, प्रत्येकीकडे चेंडू. स्वतःचा टप्पा चालू ठेवून दुसरीचा चेंडू बाहेर घालवायचा. ज्याचा चेंडू गेला किंवा ज्याने उचलला तो बाहेर. चौकोन लहान करत न्यायचा. तुमच्या सरांना सांग, सरावाची शेवटची दहा मिनिटं यासाठी द्या. चेंडू हातातून जाण्याची भीती त्या गर्दीत पंचवीस वेळा चेंडू गमावूनच कमी होते. नंतर दोघीदोघींचा सराव: साइडलाइनपासून तीन मीटरची पट्टी आखायची, त्यातच राहून एकीने चेंडू न्यायचा, दुसरीने अडवायचं. आधी डिफेंडरचे हात पाठीमागे, फक्त पायांनी अडवायचं. मग हात मोकळे. शेवटी चेंडूवालीला तीनच टप्प्यांची परवानगी. तीन टप्प्यांची अट घातली की मुली विचार करून टप्पा टाकायला लागतात.

पुष्कळ वेळा योग्य उत्तर टप्पा न टाकणं हेच असतं, हेही सांगितलं पाहिजे. नेस्मिथ यांनी १८९१ साली हा खेळ मांडला तेव्हा त्यांच्या १३ नियमांत ड्रिबल नव्हतंच. चेंडू जिथे मिळाला तिथूनच फेकायचा. आजही २८ मीटरच्या कोर्टवर पास कोणत्याही पायांपेक्षा लवकर पोचतो. चेंडू मिळाला की लगेच जमिनीवर आपटायची सवय आपल्या मुलांना फार आहे. एक टप्पा वाया घालवून चेंडू उचललास की पुन्हा ड्रिबल करता येत नाही, पास किंवा शॉटसाठी फक्त पिव्हट, म्हणजे एक पाय रोवून वळणं, उरतं. म्हणून चेंडू आला की आधी रिंगकडे तोंड, एक नजर सगळीकडे, मग ठरव. आणि निघताना पिव्हटचा पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असला पाहिजे, नाहीतर ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात घेऊन चालल्याचा नियमभंग. घाईत निघणाऱ्या गार्डकडून हे सारखं होतं.

तुझा चेंडू कोणत्या मापाचा आहे ते बघ. मुलींचा चेंडू ६ नंबर, घेर साधारण ७२-७३ सेंटिमीटर. शाळेत बहुधा सगळ्यांसाठी ७ नंबरचेच चेंडू घेतलेले असतात, ते मोठे आणि जड. तुझ्यासारख्या मुलीने वर्षभर ७ नंबरवर सराव केला की ती तळव्याने खेळायला शिकते. शाळेत ६ नंबर नसेल तर क्रीडा शिक्षकांकडे रीतसर मागा, तुमचा हक्क आहे. गच्चीसाठी साधा रबरी चेंडू चालेल. सिमेंटवर तोच टिकतो.

हवेचं आपल्याकडे विशेष लक्ष ठेवावं लागतं. बऱ्याच चेंडूंवर ७ ते ९ पाउंड दाब लिहिलेला असतो. जानेवारीच्या गार सकाळी ८ पाउंड भरलेला चेंडू मे महिन्यात ४२-४३ अंशांत १० पाउंडांच्या वर जातो. तो दगडासारखा उडतो, मुलं हात आखडता घेतात आणि जोराची सवय मोडते. उलट थंडीत चेंडू मऊ पडतो. पंप नसेल तर अंदाज असा: चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर, तळ साधारण १.८ मीटरवर धरून सोड. उसळल्यावर त्याचा वरचा भाग १.२ ते १.४ मीटरपर्यंत आला पाहिजे. तुझ्या छातीच्या आसपास. चेंडू उन्हात गच्चीवर टाकून ठेवू नकोस.

उन्हाळ्यात वेळही सांभाळ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सिमेंट रात्री आठपर्यंत तापलेलं असतं. सकाळी साडेसातच्या आत सराव उरकायचा. घामाने आणि धुळीने बोटं गुळगुळीत होतात, म्हणून ओलं फडकं जवळ ठेव आणि चेंडूही पुसत जा. दुपारी खालच्या घरात माणसं झोपलेली असतात, तेव्हा तर चेंडू आपटूच नये; मोहल्ल्याने एकदा तक्रार केली की आई-वडील सराव बंद करतात, असं होताना मी पाहिलं आहे.

रोज पंचवीस मिनिटं पुरेत, पण खाडा नको. पाच मिनिटं जागेवर जोराचे टप्पे, डावा आधी. पाच मिनिटं बोटं किंवा पाट्या वाचत. पाच मिनिटं टेनिस बॉल. उरलेला वेळ थबकणं, क्रॉस आणि मागे सरकणं, आणि ते पूर्ण वेगात. संथ गतीने शंभर वेळा केलेला क्रॉस मॅचमध्ये येत नाही. मोठं मैदान मिळेल तेव्हा कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत धावत किती टप्पे लागतात ते मोज आणि तो आकडा कमी करत जा, चेंडू पुढे ढकलायची सवय लागते.

पुढच्या चार मॅचेसमध्ये बाकावरच्या मैत्रिणीला एक वही दे. तुझ्या हातून चेंडू गेला की तिने तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या हातातून गेला, कोर्टवर कुठे गेला, आणि त्या क्षणी तू कुठे बघत होतीस. ती वही समोर ठेवून मला पुन्हा लिही, मग पुढचं सांगतो.